'इन अदर वर्ड्स', 'इन शॉर्ट' आणि आपलं 'म्हणजे'

प्रश्न असा की 'इन अदर वर्ड्स', 'इन शॉर्ट', 'दॅट इज' या सगळ्यांचा अर्थ शेवटी 'म्हणजे'च ना, मग प्रेझेंटेशनमध्ये कुठलंही टाकलं तर काय बिघडतं?

थोडं बिघडतं हो. आपलं 'म्हणजे' बिचारं एकटंच सगळी कामं करतं, इंग्रजीत त्याची वाटणी झालीय.

'इन शॉर्ट'ची अट एकच, पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा लहान पाहिजे. आपल्याकडे 'इन शॉर्ट सांगतो' म्हणणारा माणूस वीस मिनिटं सोडत नाही ते सोडा. 'इन अ नटशेल' त्याचाच भाऊ, नटशेल म्हणजे अक्रोडासारख्या फळाचं कवच, आणि ते कवच जुनं आहे, रोमन लेखक प्लिनी रोमन वक्ता सिसेरोच्या हवाल्याने सांगतो की होमरचं अख्खं इलियड महाकाव्य कातड्यावर इतक्या बारीक अक्षरांत उतरवलं होतं की ते एका कवचात मावलं, आता खरंखोटं त्यालाच माहीत.

'इन अदर वर्ड्स'ला लांबीची अट नाही, अर्थ तोच हवा. सोसायटीची नोटीस घ्या: 'मंगळवारी टाकी साफ होणार, दिवसभर पाणी नाही.' पुढे 'म्हणजे सोमवारी रात्रीच भरून ठेवा' हे मराठीत एकदम झकास, पण तिथे 'इन अदर वर्ड्स' नको, कारण तो परिणाम झाला, तिथे साधं 'सो' लावा. मात्र आडून बोललेलं उघड करून सांगायला 'इन अदर वर्ड्स' मस्त बसतं. मुलगी बघायला आलेले जाताना म्हणतात 'घरी बोलून कळवतो', इन अदर वर्ड्स, नकार!

'दॅट इज' म्हणजे लॅटिन 'इड एस्ट', लिहिताना आय. ई. इथे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. 'आंबट फळं, आय. ई. लिंबू' लिहिलंत तर चिंचेने कुठे जायचं? तिथे ई. जी., उदाहरणार्थवालं.

आणि उलट दिशेने, मराठीत लिहिताना, 'दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर' असं लिहू नका राव, भाषांतराचा वास येतो, 'म्हणजेच' किंवा 'सोप्या भाषेत सांगायचं तर' आहे की. 'म्हणजे' हे मुळात 'म्हणणे'चंच जुनं रूप, 'म्हणिजे', 'असं म्हटलं जातं' या अर्थाचं. फक्त 'तू आलास म्हणजे निघू' मधलं 'म्हणजे' वेगळं, त्याला 'आय मीन' लावाल तर समोरचा दारातच उभा राहील.