कराटे सोडायचे की क्लास?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न वारंवार कानावर येऊ लागला आहे. कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग यांपैकी काहीतरी बरीच वर्षे शिकून झालेले असते, आता तिथे मन रमत नसते आणि ‘हे सोडून दुसरा प्रकार धरू का?’ हे कोणाला विचारावे ते कळत नसते. बहुतेक जण आधीच संकोचून सांगतात की, प्रश्न तसा क्षुल्लक आहे. मला तो कधीच क्षुल्लक वाटलेला नाही. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ज्या जागी माणूस घाम गाळतो, मार खातो आणि कोणापुढे तरी आदराने वाकतो, त्या जागेवरून मन उडाले, तर त्याचे पडसाद उरलेल्या आठवड्यातही उमटतात. म्हणून एका तरुणीची हकिकत तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगत आहे.

ती तिशीतली, बांधकाम क्षेत्रात काम करणारी अभियंता. शोतोकान शैलीचे कराटे ती सहा वर्षे शिकत होती आणि तपकिरी पट्ट्यापर्यंत, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर, पोहोचली होती. अलीकडे मात्र क्लासची वेळ जवळ आली की तिचे डोके दुखू लागे. कारण तिच्या मते उघड होते. ‘कोणी मला धरले, ओढले, तर या काता, एकट्याने गिरवायच्या या ठरीव हालचाली, काय कामाच्या? मला ज्युदो शिकायचे आहे. पण मग सहा वर्षे वाया जातील.’

अशा वेळी ‘जा’ किंवा ‘थांबा’ असे मी लगेच सांगत नाही, कारण ‘क्लास आवडत नाही’ या एका तक्रारीत निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. एक त्या युद्धकलेविषयीची, दुसरी वर्ग चालवण्याच्या पद्धतीविषयीची आणि तिसरी शिकवणाऱ्या व्यक्तीविषयीची. मी तिला काही आठवडे क्लासहून घरी आल्यावर एवढेच लिहायला सांगितले की, आज नेमके काय खटकले आणि कोणत्या क्षणी बरे वाटले. वहीतून जे दिसले त्याने तीही चकित झाली. ‘काय कामाच्या’ म्हटलेल्या कातांमध्येच तिला सर्वांत बरे वाटत होते. खटकत होते ते निराळेच. अर्धा वेळ स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्या तयारीत जाई, मोठी माणसे मागच्या रांगेत तेच तेच करत राहत आणि सरांनी तिची एखादी चूक दुरुस्त करून कितीतरी दिवस झाले होते. कराटेविषयीची खरी तक्रार एकच उरली, पण ती भक्कम होती. त्यांच्या कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीत, फटका अंगाशी आवरून धरायचा असतो. समोरच्याची पकड सोडवणे, त्याला पाडून जमिनीवर दाबून ठेवणे याला तिथे फारशी जागा नसते, आणि तिला नेमके तेच शिकायचे होते.

मग अडत कुठे होते? पुढच्या भेटीत मी तिला विचारले, ‘समजा, उद्या तुमच्या सरांनीच सांगितले की जा, ज्युदो शिकून ये. तर काय कराल?’

‘उद्याच जाईन,’ ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली.

‘आणि सहा वर्षे?’

ती गप्प झाली. मी थोडे थांबून म्हणालो, ‘सर म्हणाले तर ती वाया जात नाहीत आणि तुम्ही ठरवले तर जातात, हे कसे?’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि जे इतक्या भेटींत एकदाही आले नव्हते ते तिने सांगितले. वडील गेले त्या वर्षी सरांनी तिची फी घेतली नव्हती आणि क्लास सुटल्यावर तिला एकटीला वेगळा वेळ देऊन शिकवले होते. ‘मी गेले तर मी कृतघ्न ठरेन. सरांना वाईट वाटले तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.’

अनेकांच्या बाबतीत प्रश्न इथेच अडकलेला मी पाहिला आहे, आणि तो ओळखायला मला वर्षे लागली असली तरी आता सहसा तो नजरेतून निसटत नाही. माणूस कराटे की ज्युदो याचा हिशेब मांडत असतो, व्हिडिओ पाहत असतो, परंतु आत कुठेतरी तो परवानगीची वाट पाहत असतो. विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली तेव्हापासून तिचा गाभा हाच राहिला आहे की, घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली कठोर समजूत आपल्याला अधिक छळते. ज्याने आपल्याला घडवले त्याला आपल्यामुळे कधीही दुःख होता कामा नये आणि झालेच तर आपण वाईट माणूस आहोत, ही तिची समजूत होती. सरांना वाईट वाटेल, हा अंदाज बरोबर होता. त्यावरून स्वतःच्या चारित्र्याविषयी काढलेला निष्कर्ष मात्र कोणत्याही कसोटीवर टिकणारा नव्हता.

तिच्या दोजोच्या, म्हणजे सरावाच्या जागेच्या, भिंतीवर शोतोकान कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांची तसबीर होती आणि रोज त्या तसबिरीपुढे वाकूनच सराव सुरू होई. मी तिला म्हणालो की, या गृहस्थांचे स्वतःचे दोन गुरू होते, आझातो आणि इतोसु. १९२२ मध्ये ते ओकिनावाहून टोकियोला आले तेव्हा कराटेचे प्रात्यक्षिक करण्यासाठी त्यांना कोदोकान या ज्युदोच्या शाळेत बोलावले ते ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी. त्या कानो यांनीही जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या दोन वेगवेगळ्या परंपरा शिकून मगच १८८२ मध्ये कोदोकान स्थापन केले होते. आपल्याकडे तर दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, आणि त्यांना कोणी कृतघ्न म्हणत नाही. ती पहिल्यांदाच मोकळेपणी हसली आणि म्हणाली, ‘म्हणजे मी ज्यांच्यापुढे वाकते, त्यांना माझे जाणे चालले असते.’

सरांना फोनवर न कळवता ती प्रत्यक्ष जाऊन भेटली. त्यांनी काय दिले हे आधी आणि आपण काय शिकायला जात आहोत हे नंतर, अशा क्रमाने बोलायचे आम्ही ठरवले होते. सरांना वाईट वाटले आणि ते त्यांनी लपवलेही नाही. निदान काळा पट्टा घेऊन जा, असे ते म्हणाले. तिने विचार करून नम्रपणे नकार दिला, कारण तो पट्टा आपल्याला स्वतःसाठी हवा नसून सरांना बरे वाटावे म्हणून हवा आहे, हे तिचे तिलाच उमगले होते. ज्याला तो मनापासून हवा असेल त्याने परीक्षेची तारीख ठरवून थांबावे, त्यात काहीच गैर नाही.

प्रत्येकाचे उत्तर ‘जा’ असेच असते असे मात्र नाही. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा तायक्वांदोवरून किकबॉक्सिंगवर आणि तिथून बॉक्सिंगवर गेला होता. दर वेळी परीक्षा किंवा पहिली लढत तोंडावर आली की त्याला तो प्रकार निरर्थक वाटू लागे. त्याला मी बदल थांबवायला आणि एकदा लढतीत उतरायला सांगितले. तो हरला आणि टिकून राहिला. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो की, याआधी तुम्ही काय सोडले आणि त्या वेळी पुढे काय येऊन ठेपले होते?

एका परिस्थितीत मात्र विचार करत बसू नये. शिकवण्याच्या नावाखाली मारहाण, चारचौघांत अपमान, नकोसा स्पर्श, डोक्याला मार लागल्यावरही लढवणे किंवा वजनगटासाठी उपाशी ठेवणे घडत असेल, तर त्याच दिवशी बाहेर पडावे. मूल असेल तर पालकांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि गरज वाटल्यास १०९८ या चाइल्डलाइनची मदत घ्यावी.

इतरांनी प्रशिक्षकाशी आधी बोलावे आणि ‘मजा येत नाही’ असे मोघम न सांगता नेमके मागावे, जसे की ‘आठवड्यातून दहा मिनिटे माझा काता पाहाल का?’ दोन महिन्यांत काही बदलले नाही, तर त्याच शैलीचा दुसरा क्लास पाहावा. हा पर्याय लोक हमखास विसरतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. नवी कला पाहायला जाताना प्रात्यक्षिकाचा दिवस टाळून एखादी साधी संध्याकाळ निवडावी आणि तिथल्या सर्वांत नवख्या विद्यार्थ्याशी शिक्षक कसे वागतात ते पाहावे.

नव्या क्लासला निदान तीन महिने द्यावेत. कराटेतून आलेल्याला तोल आणि दम उपयोगी पडतो, पण ताठ, लांब पवित्रा आणि कमरेशी खेचलेली मूठ ज्युदोत आड येते. सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसते पडायला शिकण्यात जातात, अंगावर पांढरा पट्टा असतो आणि विशीतली मुले सहज उचलून आपटतात. या काळातल्या संध्याकाळींची तुलना जुन्या क्लासातल्या सहाव्या वर्षाशी करू नये. करायचीच असेल, तर तिथल्या पहिल्या महिन्याशी करावी.