कोकणातील घरगुती खाद्यउद्योगांना ग्राहक म्हणून खरी मदत कशी करता येईल?

आपण विचारले आहे की, शहरात राहून कोकणातील महिलांच्या घरगुती खाद्यउद्योगांना देणगी न देता, केवळ ग्राहक म्हणून हातभार कसा लावावा. मी देवगड तालुक्यात राहते. आमच्या घरी आणि शेजारीपाजारी दरवर्षी आमसुले, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आंबापोळी केली जाते. त्यावरून सांगते की, आपण किती माल घेता यापेक्षा पैसे कोणत्या महिन्यात देता, याला अधिक महत्त्व आहे.

कोकमाचेच पाहा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस सुरू झाला की फळ कुजू लागते, त्यामुळे सारे काम तेवढ्या अवधीतच उरकावे लागते. फळे फोडून बिया काढायच्या, साली उन्हात वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळत घालायच्या, आणि साल काळसर जांभळी होऊनही बोटांना मऊच लागेल, इथवर ही पुटे देत राहायचे. आमसुलांत खर्च होतो तो मुख्यतः श्रमाचा. सरबताच्या पाकाला मात्र सालींच्या जवळपास दुप्पट साखर लागते. ती आणि बाटल्या रोखीने आणाव्या लागतात, आणि विक्री पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रखडत होत राहते. पैसा असा अडकून पडण्याच्या धास्तीने उत्तम हात असलेल्या कितीतरी बायका ओले रातांबेच व्यापाऱ्याला किलोवर देऊन मोकळ्या होतात. तेव्हा आपल्या इमारतीतील काही कुटुंबांनी एकत्र येऊन मार्चमध्येच वर्षभराची मागणी कळवली आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली, तर त्या घराला कर्ज काढावे लागणार नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्यांना प्रत्येकी 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. पण ज्या घरातील बाई कोणत्याही गटात नाही, तिला आपली आगाऊ रक्कमच उपयोगी पडते.

मात्र आगाऊ पैसे दिले म्हणून हवा तेवढा माल मिळेलच, असे धरून चालू नये. आमच्याकडे आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची साठवण, आधी घरासाठी होते: कुळथाची पिठी, मसाला, सुके मासे, आमसुले. त्यातून उरेल ते विक्रीला जाते. बाजारभाव पडला, गिऱ्हाईक फिरकले नाही, तरी चूल अडत नाही, हे या पद्धतीचे बळ आहे. त्यामुळे एखादीने मोठी मागणी नाकारली, तर तिला व्यवसाय कळत नाही असा अर्थ काढू नये.

भावाबाबत थोडे स्पष्टच लिहिते. मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी मुंबईत छापील किंमत निमूट देतो, पण इथे पडवीत बसून आंबापोळीसाठी घासाघीस करतो, आणि निघताना वानोळाही, म्हणजे भेट म्हणून द्यायचा घरचा जिन्नसही, हक्काने मागतो. वानोळा आम्ही आनंदाने देतो. परंतु विकायला ठेवलेली पोळी म्हणजे रसाचा एक थर सुकल्यावर त्यावर दुसरा, अशी कडक उन्हात राखण करत केलेली मेहनत असते.

शेवटी कायद्याची बाजू. घरी केलेला पदार्थ विकायचा तरी अन्नसुरक्षा नोंदणी आवश्यक असते. 2011 च्या नियमावलीने वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वार्षिक 100 रुपये शुल्क ठेवले. अडचण शुल्काची नसून ऑनलाइन अर्जाची आहे. म्हणून बाटलीवर नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दिसला नाही, तर ती लगेच परत करू नका. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा त्या बाईंचे ओळखपत्र आणि छायाचित्र घेऊन त्यांच्यासमोर बसून अर्ज भरून द्या, आणि पदार्थाचे नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख व पत्ता असलेला लेबलाचा मजकूरही त्याच बैठकीत लिहून द्या.