गिटार वाजवताना हात टेकवायला हातांची खुर्ची घ्यावी का?

आपला प्रश्न असा आहे की, घरी रोज तासभर गिटार वाजवल्यावर उजवा खांदा भरून येतो आणि दंड दुखतो, तेव्हा हात टेकवता येतील अशी, पंधरा हजारांपर्यंतची कोणती खुर्ची घ्यावी. कोणती घ्यावी हे मला सांगता येणार नाही. कोणती घेऊ नये हे मात्र मी साडेतेरा हजार रुपये मोजून शिकलो आहे, म्हणून लिहितो. हातांची खुर्ची घेऊ नका. (या उत्तरात खुर्चीचा हात आणि माणसाचा हात यांचा घोळ होणार हे उघड आहे, म्हणून यापुढे खुर्चीच्या हाताला मी दांडा म्हणतो.)

2020 च्या टाळेबंदीत माझे कार्यालयीन काम घरून सुरू झाले, तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी चाकांची, पाठीला जाळी असलेली आणि दांडे वरखाली करता येणारी खुर्ची आणली. दिवसा काम आणि रात्री नऊनंतर गिटार, असा दुहेरी हिशेब मनात होता. कामासाठी ती उत्तम निघाली. गिटार मात्र पहिल्याच रात्री दांड्यावर आपटली आणि तिच्या कडेचे पॉलिश नखाएवढे उडाले.

माझी गिटार ड्रेडनॉट आकाराची आहे. तिचा खालचा रुंद भाग जवळजवळ 40 सेंटीमीटरचा आणि जाडी 12 सेंटीमीटरच्या आसपास. एवढा पेटारा उजव्या मांडीवर घेतला की त्याचा मागचा फुगवटा मांडीच्या बाहेर डोकावतो, आणि खुर्चीचा उजवा दांडा नेमका त्याच जागी उभा असतो. अशा वेळी माणूस खुर्ची बदलत नाही, स्वतःला बदलतो. मी तिरका बसू लागलो, मग पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आलो, आणि ज्या जाळीदार पाठीसाठी पैसे मोजले होते ती माझ्या पाठीपासून वीतभर दूर राहिली. दांडा चुकवण्यासाठी उजवे कोपर बाहेर आणि खांदा वर, अशा अवस्थेत मी रोज दीड तास वाजवत असे. मध्येच थांबून एखाद्या गाण्याचे कॉर्ड शोधायचे असले की तेच कोपर दांड्याच्या कडक प्लॅस्टिकवर टेकवून मी विसावा घेत असे, आणि आपण म्हणता तो हाताचा आधार हाच, अशी माझी समजूत होती. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खोबणीतून एक नस जाते, जिला धक्का लागला की झिणझिण्या येतात. ती नस रोज दाबली गेल्याने चौथ्या महिन्यात करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येऊ लागल्या.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुसऱ्या भेटीला गिटार घेऊन यायला सांगितले. मला वाटले, आता वाजवून दाखवायचे. त्या म्हणाल्या, ‘वाजवू नका, नुसती धरून बसा.’ मी बसलो. ‘आता दोन्ही हात सोडा.’ मी हात सोडले, आणि गिटार मांडीवरून पुढे घसरली. ती त्यांनीच वरच्या वर झेलली. मग त्या म्हणाल्या, ‘तुम्ही ही वाजवत नाही आहात, उचलून धरता आहात.’ पाच वर्षे गिटार वाजवणाऱ्या माणसाला हे ऐकायला बरे वाटत नाही, परंतु त्यात चूक काहीच नव्हती. माझा उजवा बाहू वरून गिटार मांडीवर दाबून धरत होता आणि त्याच हाताची बोटे तारा छेडत होती. एकच हात दोन कामे करणार, मग खांदा भरून येणार नाही तर काय होणार? हाताला आधाराची गरज नाही, गिटारला आहे. ती हात न लावता जागेवर राहिली की हाताचे दुखणे बहुतांशी आपोआप कमी होते.

इथे माझ्या वडिलांचा विषय काढणे भाग आहे. त्यांच्या मते या सगळ्या खटाटोपाचे मूळ म्हणजे खुर्ची. ‘सतारिये आयुष्यभर सतरंजीवर बसतात, त्यांचे नाही कुणाचे खांदे दुखत. काब्रांनी गिटारच वाजवली ना? मांडी घालूनच वाजवली ना?’ हे मी किमान तीन वर्षे जेवताना ऐकले आहे. गिटारवर हिंदुस्तानी रागसंगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा यांची तबकडी वडिलांच्या संग्रहात आहे, त्यामुळे वडिलांपुढे बोलण्याची सोय नव्हती, आणि मी निमूटपणे सतरंजीवर बसूनही पाहिले. मांडी घातली की उजवा गुडघा वर राहतो, गिटार डावीकडे कलंडते, आणि बोटे कुठे पडत आहेत हे पाहण्यासाठी पाठ गोगलगाईसारखी वाकते. वीस मिनिटांत मी उठलो आणि ‘रियाजाची बैठकच नाही’ हा शेरा पदरात पडला.

वडिलांना जे उत्तर मी तेव्हा द्यायला हवे होते ते इथे देतो. काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूचा तुकडा सरकवत वाजवत. त्यांचा उजवा हात वरून सरळ तारांवर येतो, त्याला कुठलाही पेटारा ओलांडावा लागत नाही. सतारीत उजवा बाहू भोपळ्यावर दाबला जातो हे खरे, परंतु त्या भोपळ्याला डाव्या पावलाचा टेकू असतो, म्हणजे वाद्याचा भार शेवटी जमिनीवर उतरतो आणि हाताला ते फक्त घरंगळू न देण्याचे काम उरते. माझी गिटार उभी, छातीशी, गुळगुळीत पॅंटवर. तिन्ही वाद्यांना एकच सतरंजी लावून चालत नाही.

गिटार स्थिर करण्याची ही अडचण आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकात दिओनिसिओ आग्वादो या स्पॅनिश वादकाने गिटार टेकवण्यासाठी खास तिवई करवून घेतली होती. पुढे फ्रान्सिस्को तारेगा (1852–1909) यांच्या काळापासून डावा पाय छोट्या स्टुलावर आणि गिटार डाव्या मांडीवर ही बैठक रूढ झाली. मी तीच उचलली. प्रथम घरातला जेवणाचा पाट पायाखाली घेतला, तेव्हा आईने तो काही न बोलता उचलून नेला. मग सुताराकडून प्लायवूडचा उतरता ठोकळा करून घेतला, चवड्याकडे पाच इंच आणि टाचेकडे चार. खर्च दोनशे रुपये. खुर्ची म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली लोखंडी घडीची खुर्ची वापरतो. तिला दांडे नसतात, चाके नसतात, आणि बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटीमीटर उंच असल्याने माझ्या पाच फूट सहा इंचांच्या देहाला पावले पूर्ण टेकून बसता येते. बैठकीला मागे थोडा उतार असतो, तो मोडण्यासाठी मागच्या बाजूला घडी घातलेली चादर ठेवतो, म्हणजे कंबर पुढे राहते. मांडी आणि गिटार यांच्यामध्ये भांडी घासायचे रबरी हातमोजे कापून केलेला तुकडा असतो, त्यामुळे घसरणे थांबले. सोफा याच्या अगदी उलट. त्यात कंबर खचते, गुडघे वर येतात आणि खांदे कानाला लागतात. सोफ्यावर बसून गिटार शिकणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

हाताला आधार हवाच असेल तर तो खुर्चीवर नको, गिटारवर हवा. बाहू गिटारच्या वरच्या कडेवर, कोपराच्या चार बोटे पुढे टेकतो, आणि ती कड तीक्ष्ण असेल तर तासाभराने कातडीवर लाल रेघ उमटते. फेंडर या अमेरिकन कंपनीने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार काढली तेव्हा बाहू टेकतो तिथली कड तासून उतरती केली. ती भरीव लाकडाची असल्याने ते सोपे होते. पोकळ पेटीत ते अवघड असते, तरी कॅनडातले कारागीर ग्रिट लास्किन यांनी तसा उतार करून दाखवला आणि आता अनेक महागड्या गिटारांवर तो दिसतो. आपल्यासारख्यांसाठी कडेवर बसवायचे लाकडी आर्मरेस्ट मिळतात. मी मात्र जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटापासून कोपरापर्यंत चढवतो. मे महिन्यात डोंबिवलीत उघडा हात पॉलिशला चिकटतो आणि स्ट्रमिंग अडखळते, ते मोज्याने बंद झाले. बघणारे हसतात. पत्नीने पहिल्या दिवशी ‘पाय कुठे गेला?’ असे विचारले होते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पायाखालच्या ठोकळ्याने खांदा सुटला, पण आठ महिन्यांनी डावी कंबर धरू लागली, कारण एक पाय सतत वर राहिला की कटी तिरकी होते. आता मी आलटून पालटून कधी ठोकळा घेतो, तर कधी बसल्या बसल्याच गिटारला खांद्यावरचा पट्टा लावतो. आपली उंची कमी असेल किंवा मुलासाठी विचारत असाल, तर मुळात ड्रेडनॉटच मोठी पडत असेल. क्लासिकल गिटार 37 सेंटीमीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर जाड, तिच्यावरून हात सहज येतो. आणि बोटे रात्री झोपेतही बधिर होत असतील तर खुर्चीचा विचार सोडून आधी डॉक्टरांकडे जा, मी चार महिने घालवले तसे घालवू नका.

माझ्या खुर्चीचे दांडे षटकोनी किल्लीने दहा मिनिटांत निघाले, प्रत्येकी तीन स्क्रू. ते काढल्यावर गिटार बसली, पण चाके सरकत राहिली. शेवटी दांडे पुन्हा लावून ती खुर्ची वडिलांना दिली. ते तीत कोपरे टेकवून वर्तमानपत्र वाचतात आणि सतरंजीचे नाव काढत नाहीत. तरीही आपल्याला खुर्ची घ्यायचीच असेल, तर दुकानात गिटार सोबत न्या, बसा आणि मांडीवर घ्या. कोपराआधी गिटार दांड्याला लागली, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.