हात सुटला की थांबणार कोण?

प्रश्न : सर, मी परळला राहते, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे २०२५ मधे सायरनचं मॉक ड्रिल झालं तेव्हापासून आमच्या घरात ड्रोनचाच विषय. बाबा लोकलवर मोटरमन होते, ते म्हणतात युद्धात कायदा कोण बघतो आणि मशीनला शिक्षा तरी काय करणार. मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. एआयवाल्या शस्त्रांना कायद्याने खरंच आवर घालता येईल का?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. मशीनला शिक्षा होत नाही, पण कायद्याला माणूस हवा असतो, हुकूम कोणी दिला ते नाव. सैनिक कोण आणि साधा माणूस कोण हे ओळखूनच हल्ला करायचा हा नियम बंदुकीला आहे तसा सॉफ्टवेअरलाही आहे. गोची अशी की निशाणा सॉफ्टवेअरने निवडला तर कमांडर म्हणणार मला कल्पना नव्हती, बनवणारा म्हणणार त्यांनी चुकीचं वापरलं, आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी जायचं कुठे?

बाबांना डेडमॅन हँडलबद्दल विचार. मोटरमनचा हात सुटला की गाडीला ब्रेक लागतो. ड्रोनमधे आता नेमकं उलटं चाललंय, युक्रेनच्या युद्धात जॅमिंगने सिग्नल तुटायला लागले म्हणून सिग्नल गेल्यावरही शेवटचा टप्पा आपलाआपण गाठणारे ड्रोन आले, म्हणजे माणसाचा हात सुटला तरी ते पुढे जाणार. माझ्या मते कायद्याने हीच जागा पकडावी.

आणि युद्धात कायदा कोणी बघतच नाही असं नाही गं, माणसाला आंधळं करणारी लेझर शस्त्रं रणांगणावर सर्रास यायच्या आधीच १९९५ मधे बंदी आली. पण भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या करारात अमेरिका, रशिया, चीन नाहीत, आपणही नाही. शिवाय सुरुंग निदान मोजता येतात, सॉफ्टवेअर एका रात्रीत बदलतं, त्यामुळे तपासणी फार अवघड, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

जिनिव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहे, पण तिथे सगळ्यांची सहमती लागते म्हणून एखादा देशही गाडी अडवू शकतो. डिसेंबर २०२३ मधे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत यावर ठराव आला, १५२ बाजूने आणि ४ विरोधात, त्या चारात भारत होता, पुढच्या वर्षी मात्र आपण तटस्थ राहिलो. बंधनकारक करार करायची वेळ अजून आली नाही असं आपल्या सरकारचं म्हणणं, मला ते पटत नाही कारण शस्त्रं थांबलेली नाहीत.

जिनिव्हा करार म्हणजे युद्धात कसं वागायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांना १९७७ मधे जोडलेल्या पहिल्या जादा प्रोटोकॉलचं, म्हणजे पुरवणी कराराचं, कलम ३६ नीट वाच, नवं शस्त्र घ्यायच्या आधी ते कायद्यात बसतं का हे देशाने तपासायचं असं त्यात आहे. भारत त्या प्रोटोकॉलमधे नाही, पण अशी तपासणी आपल्या संसदेने कायदा करून सक्तीची करायला जिनिव्हाची वाट बघावी लागत नाही. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हाच घे.