गाडी माझी, काम कंपनीचं. मग अपघाताचा खर्च कोणाचा?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. बियाणं आणि औषधं विकणाऱ्या कंपनीत फिरतीवर आहे. बेळगाव, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड हा माझा भाग. गाडी माझ्या नावावर, विमा खासगी गाडीचा, फुल. कंपनी किलोमीटरला 9 रुपये देते, पण ते फक्त साहेबांच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये आहे. पावसात शिनोळीजवळ माझी गाडी मोटारसायकलला धडकली. त्या माणसाचा पाय मोडला, माझ्या गाडीचं पुढचं सगळं गेलं. डिकीतल्या सॅम्पलच्या पुड्यांचे सर्व्हेयरनं फोटो काढले आणि विमा कंपनीचं पत्र आलं : 'वाहन व्यावसायिक वापरात, दावा नामंजूर.' आमची कंपनी म्हणते, गाडी तुमची, तुमचं तुम्ही बघा. वर त्या महिन्याचं प्रवासखर्चाचं बिलही अडवलंय. काय करू?

उत्तर : आधी पॉलिसी काढा. प्रीमियमच्या पावतीवर थांबू नका, आत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असं एक कलम असतं, ते शोधा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत तिथं म्हटलेलं असतं की गाडी कुठल्याही कामाला वापरा, फक्त भाड्यानं किंवा मोबदल्यावर चालवू नका, माल वाहू नका, शर्यती-चाचण्यांना नेऊ नका आणि मोटारींच्या धंद्यात लावू नका. माल वाहण्यापुढं कंसात एक सूट असते : 'सॅम्पल आणि वैयक्तिक सामान सोडून'. म्हणजे सर्व्हेयरनं ज्या पुड्यांचे फोटो काढले, त्या पुड्यांना पॉलिसीनंच परवानगी दिलेली आहे. तुमच्या प्रतीत हेच शब्द आहेत ना, एवढं तपासा.

राहिले ते 9 रुपये. नोकरीच्या कामाला स्वतः गाडी चालवत गेलात आणि मालकानं पेट्रोल-झिजेचा खर्च भरून दिला, तर ते भाडं होत नाही. भाडं म्हणजे पैसे घेऊन माणसं बसवणं किंवा गाडी दुसऱ्याला देणं. 'व्यावसायिक वापर' हा शब्द नाकारणाऱ्याला सोयीचा असतो. म्हणून पत्र लिहून विचारा : पॉलिसीतल्या कुठल्या अटीचा भंग झाला, तो क्रमांक द्या.

पण एक गोष्ट तुम्ही मला सांगितलेली नाही आणि फिरतीवरची बरीच मंडळी ती सांगत नाहीत. जाता जाता एखाद्या दुकानदाराच्या पेट्या टाकायच्या असतात. त्या दिवशी डिकीत पेट्या होत्या का? असतील तर ती सॅम्पल नव्हेत, डिलिव्हरी आहे, आणि तिथं विमा कंपनीच्या म्हणण्यात दम येतो. खोटं लिहू नका, फोटो त्यांच्याकडं आहेत. तरीही सगळं गेलं असं नाही. अमलेंदू साहू खटल्यात (2010) गाडी चक्क भाड्यानं दिलेली होती. सर्वोच्च न्यायालयानं तिथंही दावा पुरता फेटाळू दिला नाही, 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीनं काही रक्कम द्यायला लावली. या पद्धतीत मान्य दाव्याच्या 75 टक्क्यांपर्यंत मिळू शकतं.

तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडं करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडं जा. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. पंचनामा चंदगड पोलिसांचा, म्हणजे मराठीत असणार. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्यामुळं तुम्ही राहता तिथं, म्हणजे बेळगावला, तक्रार चालते. मुदत दोन वर्षं. अपघात महाराष्ट्राच्या हद्दीत झाला म्हणून कोणी कोल्हापूरला जायला सांगितलं, तर ऐकू नका.

जखमी माणसाचा दावा ही वेगळी गोष्ट. तो अपघाताच्या ठिकाणच्या किंवा स्वतः राहतो तिथल्या न्यायाधिकरणात जाऊ शकतो, त्यामुळं समन्स बहुधा महाराष्ट्रातून येईल. आलं की त्याच दिवशी प्रत विमा कंपनीला पोचवा, पोच घ्या आणि तारखेला हजर राहा. थर्ड पार्टीचे पैसे देणं विमा कंपनीवर कायद्यानं बंधनकारक आहे. अटीचा भंग झाला असं म्हणायचं तर तो तिनं सिद्ध करायचा. तुमच्या कंपनीलाही जखमी माणूस प्रतिवादी करू शकतो, कारण तुम्ही तिच्याच कामावर होता.

आता कंपनीकडं वळू. गाडीच्या दुरुस्तीसाठी तिच्या मागं लागण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. खासगी नोकरीत किलोमीटरचा दर कायद्यानं ठरलेला नाही; जो ठरला त्यातच झीज आणि विमा आला, असं ती म्हणेल आणि ते टिकेल. अडवलेलं बिल मात्र तुमच्या हक्काचं. मेसेजवर ठरलेला करारही करारच असतो. तो मेसेज आणि आजवर खात्यावर जमा झालेल्या रकमा जपून ठेवा. हत्तरगी टोलच्या फास्टॅग नोंदी त्या महिन्याच्या फेऱ्यांशी जुळवा. लेबर ऑफिसला खेटे घालू नका, प्रवासखर्च वेतनाच्या व्याख्येत बसत नाही. साधी नोटीस द्या. नाहीच ऐकलं तर तीन वर्षांत दिवाणी दावा. कोर्टात मेसेज दाखवायचा तर त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मोबाइल बदलू नका.

तुम्हाला लागलं असतं, तर कामावरच्या अपघाताची भरपाई तुमच्या कंपनीकडून मागता आली असती. शिवाय पॉलिसीत 15 लाखांचा मालक-चालक अपघात विमा घेतलाय का तेही बघून ठेवा. तो गाडी ज्याच्या नावावर त्यालाच लागू होतो. वडिलांच्या नावावरची गाडी कामाला नेणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

चंदगडच्या फौजदारी केसमध्ये कोणीतरी सांगेल, 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.' वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका. निष्काळजीपणाची ती कबुली भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध काढली जाते.