आयोगाचे मानधन : वाचकांचे प्रश्न

अधिवेशन जवळ आले की नागपूरच्या विधान भवनाच्या आसपास चौकशी आयोगांची चर्चा सुरू होते आणि माझ्याकडे तीच ती पत्रे येऊ लागतात. या वेळी पैशांबद्दलची निवडली आहेत.

आयोगाच्या सदस्याला किती पगार द्यायचा, हे 1952 च्या चौकशी आयोग अधिनियमात लिहिलेले आहे का? (धंतोली)

नाही. कलम 12 ने सदस्यांच्या सेवाशर्तींचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. प्रत्यक्ष आकडा शासनाच्या आदेशात सापडतो.

निवृत्त अभियंता आहे. एका चौकशी समितीवर बोलावणे आले आहे. ‘पेन्शन बंद होते’ असे मित्र सांगतात. (प्रतापनगर)

मित्रांना कायद्याचे काम देऊ नका. पूर्णवेळ नेमणूक असेल तर ‘शेवटचे वेतन वजा पेन्शन’ हा रुळलेला हिशेब. पेन्शन चालूच राहते, हातात वरचा फरक पडतो. सातव्या वेतन आयोगानंतरचे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती घ्या : मूळ वेतन महिना 2,25,000, पूर्ण पेन्शन वर्षाला 13,50,000, म्हणजे महिना 1,12,500. फरकही तेवढाच. भत्ते वेगळे. तुमचे काम बैठकीपुरते असेल तर हिशेब निराळा. प्रवास, निवास, टंकलेखक हे सगळे आदेशात आहे का ते पाहा. फोनवर ‘साहेब, बघून घेऊ’ म्हणणारा अधिकारी पुढच्या महिन्यात बदलून गेलेला असतो. होकार कळवण्याआधी आदेश वकिलाला दाखवा आणि कराचे सीएला विचारा.

आमचे आमदार चौकशी समितीवर जाणार आहेत. मानधन घेणार नाहीत म्हणतात. मग अडचण नाही ना? (महाल)

आहे. ते ‘लाभाचे पद’ ठरले तर आमदारकी जाऊ शकते. ‘घेतले नाही’ हा बचाव खासदार जया बच्चन यांच्या अपात्रतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच फेटाळला. पदाला मोबदला देय आहे का, एवढेच पाहिले जाते. खासदारांसाठी 1959 च्या कायद्यात तात्पुरत्या चौकशी समितीला सूट आहे, पण खर्च भरून देणाऱ्या भरपाई भत्त्यापलीकडे मोबदल्याचा हक्क नसेल तरच. आमदारांना संविधानाचे कलम 191 आणि राज्याचा वेगळा कायदा लागू होतो. शपथपत्र नको, आधी लेखी कायदेशीर मत घ्या.

आयोग वर्षानुवर्षे चालतात ते महिन्याच्या मानधनासाठीच ना? (सक्करदरा)

सरसकट असे म्हणू नका. वकील तारखा मागतात, खाती शपथपत्रे अडवून ठेवतात. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्याला बाजू मांडू देणे चौकशी आयोग अधिनियमाच्या कलम 8-ब नुसार भागच असते. पण तुमचा राग मला समजतो. बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीसाठी 16 डिसेंबर 1992 ला नेमलेल्या लिबरहान आयोगाला तीन महिने दिले होते. अहवाल आला 30 जून 2009 ला, 48 मुदतवाढी घेऊन. अहवाल हाती आल्यावर सरकारने तो कार्यवाहीच्या टिपणासह सहा महिन्यांत सभागृहात ठेवावा, असे कलम 3(4) सांगते. अहवाल कधी पूर्ण करावा, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. ती मुदत सरकार ठरवते आणि सरकारच वाढवते. मासिक मानधन असले की प्रत्येक मुदतवाढीला खर्चाची नवी मंजुरी चिकटते आणि ती मंजुरी कोणी वाचत नाही. मीटर चालू ठेवून सिग्नलला उभी राहिलेली रिक्षा! माझे मत स्पष्ट आहे : मोबदल्याचा मोठा हिस्सा अहवाल सादर झाल्यावरच द्यावा आणि मुदतवाढीच्या आदेशात आजवरचा खर्च छापावा. गोवारी समाजाच्या मोर्चातली 114 माणसे 23 नोव्हेंबर 1994 ला याच शहरात चेंगरून मेली. त्यांच्या घरच्यांना चौकशीतला उशीर म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तोवर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. एकाच आयोगाचे नाव घाला, मुदतवाढीचे आदेश आणि खर्चाचा तपशील मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील करा. अर्जाचा मसुदा जाणकाराला दाखवून घ्या. ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर येते.

पाच हजार भरून ‘चौकशी आयोग सदस्य’ असे ओळखपत्र मिळाले. मानधन कधी सुरू होईल? (कामठी रोड)

कधीच नाही. आयोग शासन राजपत्रातील अधिसूचनेने नेमते, पावती फाडून नव्हे. कार्डावर सिंहमुद्रा असेल तर 2005 च्या राजमुद्रा कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. कार्ड खिशातून काढा, गाडीवरची पाटी उतरवा आणि पावती घेऊन पोलीस ठाण्यात जा. जाताना वकील सोबत असू द्या.

आयोगासमोर साक्षीला बोलावले आहे. गाडीभाडे मिळेल का? (उमरेड)

मिळू शकते, नियमांत तरतूद असते. तिकीट जपून ठेवा आणि समन्स दाखवून आयोगाच्या सचिवांकडे त्याच दिवशी अर्ज द्या.