मुठेलाचं लोशन फुटलं, तेल बदलू का?

मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल), खोबरेल, मधमाश्यांचं मेण आणि गुलाबपाणी घोटून लोशन केलंत, दोन दिवसांत पाणी खाली बसलं आणि आठवड्याभरात वर काळे ठिपके आले. आता खोबरेलाऐवजी बदामतेल घालू का, असं विचारताय. घाला, पण तेही फुटेल. दोष तेलाचा नाहीच.

मेण तेलाला घट्ट करतं, पाण्याशी त्याची सोयरीक जुळवत नाही. जुन्या पद्धतीच्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत बोरॅक्स (टाकणखार) असायचा, म्हणून ती टिकायची. पाणी जास्त असलेल्या लोशनला इमल्सिफायिंग वॅक्स, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं मेण, लागतंच. तेल आणि बटर (मुठेलासारखं घट्ट तेल) मिळून जेवढं वजन, त्याच्या साधारण पाव भाग. काळे ठिपके ही बुरशी आहे. वरचा थर काढून खालचं वापरू नका, सगळं टाकून द्या. व्हिटॅमिन ई तेलाचा खवटपणा लांबवतं, बुरशीला अडवत नाही. फ्रिजनेही फक्त चार दिवस जास्त मिळतात.

१०० ग्रॅमसाठी माझं प्रमाण असं: डिस्टिल्ड पाणी ७१, ग्लिसरीन ४, पातळ तेल १४, मुठेल ४, इमल्सिफायिंग वॅक्स ५, सिटाइल अल्कोहोल (लोशनला दाटपणा देणारा मेणासारखा पदार्थ) १, आणि प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे बुरशी अडवणारं फिनॉक्सिइथेनॉल-इथाइलहेक्सिलग्लिसरीन हे तयार मिश्रण, १. सगळं वजनकाट्यावर, चमच्याच्या मापाने हे जमत नाही. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, तेल-बटर-वॅक्स-सिटाइल अल्कोहोल दुसऱ्यात, दोन्ही ७०-७५ अंशांवर आणून एकत्र करा आणि हँड ब्लेंडरने थांबत थांबत फिरवा. तापवताना उडालेलं पाणी आधी वजन करून भरून काढा. प्रिझर्वेटिव्ह ४० अंशांच्या आसपास, शेवटी.

आता तेलांची अदलाबदल. त्या १४ ग्रॅममध्ये हवं ते खेळा. करडई किंवा सूर्यफूल हलकं, मुंबईच्या दमटपणात बरं, पण लवकर खवट होतं; तिथे व्हिटॅमिन ई कामाचं. तिळाचं तेल जास्त टिकतं, मात्र घाण्याचं घेतलंत तर त्याचा वास सुगंधी तेलांनाही दाबतो. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून नागपूरच्या थंडीत तेच लोशन घट्ट वाटेल. एरंडेल एक-दोन ग्रॅमच, नाहीतर चिकचिक.

बटरच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. मुठेल साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा वर. जास्त घातलं की चोळताना ओढ लागते. शिया (आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं बटर) मऊ, पण सावकाश थंड झालं तर त्यात रवाळ कण धरतात. भांडं गार पाण्यात ठेवून ढवळत राहिलं की तो त्रास कमी. मला स्वतःला शियाचा वास फारसा आवडत नाही, म्हणून मी पुन्हा मुठेलाकडेच वळते.

कोकणातून आणलेलं घरगुती मुठेल असेल तर एक बघा. बिया कुटून पाण्यात उकळून ते काढतात, त्यामुळे आत ओल आणि बियांचा भुगा राहू शकतो. मंद आचेवर वितळवून, बुडबुडे थांबले की तलम कापडातून गाळा.

आणि हे सगळं फक्त भेगाळलेल्या टाचांसाठी चाललं असेल, तर पाण्याच्या भानगडीत पडूच नका. निम्मं मुठेल, निम्मं तिळाचं तेल, वितळवून डबीत ओता. पाणी नाही, म्हणून वॅक्स नको, प्रिझर्वेटिव्ह नको. ओली बोटं तेवढी बुडवू नका.